नवी मुक्ता

जानेवारी २०२५मधल्या एका रात्री आमच्या डोंबिवलीच्या घरात वांग्याची भाजी लागली. आईच्या हातून हे सहसा होत नाही. गॅस आणि टीव्ही दोन्हींवर एकाच वेळी लक्ष ठेवता येईल अशा बेताने तिने टीव्हीची जागा ठरवून घेतलेली आहे. त्या रात्री मात्र ती हातात डाव घेऊन पडद्यासमोर नुसतीच उभी राहिली. 'प्रेमाची गोष्ट' या मालिकेतली नायिका मुक्ता बदलली होती. तेजश्री प्रधानच्या जागी स्वरदा ठिगळे. बातमी आधीच कळली होती, चर्चा करून झाली होती. पण कळणं वेगळं आणि ती बाई आपल्या घरात येऊन उभी राहणं वेगळं.

"आणि हा बघ, हा कसा बघतोय तिच्याकडे!" आई म्हणाली.

हा म्हणजे सागर, मुक्ताचा नवरा. तो नव्या मुक्ताकडे जुन्याच डोळ्यांनी बघत होता.

बाबांना यातलं काहीच टोचलं नाही. "नटी बदलली, त्यात काय एवढं? 'नटसम्राट' लागूंनी केला, मग दत्ता भटांनी केला, दुभाषींनी केला. आम्ही तिकीट काढून तिघांनाही बघून आलो." बाबांचं हे वाक्य ऐकून मी क्षणभर गप्प झाले, कारण ते बरोबर होतं. पण पूर्ण बरोबर नव्हतं. नाटकातला अप्पा बेलवलकर त्याच रात्री संपतो आणि पुढच्या प्रयोगाला तिसऱ्या घंटेनंतर पहिल्यापासून सुरू होतो. त्याला प्रत्येकाने आपापल्या परीने उभं करायचं असतं, आणि लागूंपेक्षा भट कुठे वेगळे हेच तर बघायला माणसं जात. मालिकेतली बाई संपतच नाही. सप्टेंबर २०२३ ते जानेवारी २०२५, आठवड्याचे सहा दिवस, ढोबळ हिशेब केला तरी भाग चारशेच्या घरात जातात. एवढ्या वेळा तर मी माझ्या सख्ख्या बहिणीला लग्नानंतर भेटलेली नाही.

शिवाय आईची तेजश्रीशी ओळख २०२३ची नव्हेच. ती त्याच्या दहा वर्षं आधीची, 'होणार सून मी ह्या घरची'मधल्या जान्हवीपासूनची. "काहीही हं श्री" हे तीन शब्द तेव्हा आमच्याकडे दूधवाल्यापासून जावयापर्यंत सगळ्यांना ऐकवले गेले. सराफाच्या दुकानात 'जान्हवीचं मंगळसूत्र' असं नाव घेऊन मागणी व्हायची. आईनेही केलं. सोन्याचं नाही, एक ग्रामचं. मग 'अग्गंबाई सासूबाई'मधली शुभ्रा आली, सासूचं लग्न लावून देणारी. पुढच्या 'अग्गंबाई सूनबाई'त त्याच शुभ्राच्या जागी उमा पेंढारकर दिसली, तेव्हा एक धक्का पचवून झाला होता. म्हणजे मुक्ता गेली तेव्हा एकटी मुक्ता गेली नाही. जान्हवी दुसऱ्यांदा गेली, शुभ्रा तिसऱ्यांदा.

नायक बदलला की इतकं लागत नाही, हे मी पाहिलंय. 'क्योंकि सास भी कभी बहू थी'मधला मिहिर मेला तेव्हा देशभर हळहळ झाली आणि त्याला परत जिवंत करावं लागलं, हे खरं. पण त्यानंतर अमर उपाध्यायच्या जागी इंदर कुमार आला, मग रोनित रॉय आला. बायकांनी नाकं मुरडली आणि तिसऱ्या मिहिरशी वर्षानुवर्षं संसार केला. नायिका तुलसीच्या जागी २००७मध्ये गौतमी कपूर आल्या तेव्हा मात्र काही केल्या जमेना. मूळच्या स्मृती इराणी शेवटी परत आल्याच. (२०२५मध्ये मालिका नव्याने सुरू झाली तेव्हा सोबतीला पहिला मिहिरही आला. पण मधली वीसहून जास्त वर्षं त्याच्यावाचून कुणाचं अडलं होतं, असं काही माझ्या कानावर नाही.)

असं का? लोकांना वाटतं, बायका प्रेमकथा बघतात म्हणजे त्या नायकावर भाळतात. भाळत असतील थोड्या. पण आई सागरसाठी टीव्ही लावत नव्हती. मुक्ता दिवसभर दातांचा दवाखाना सांभाळून घरी येते, सासूचे टोमणे ऐकते, सागरच्या मुलीचं, सईचं करते आणि रात्री नवरा तिला "दमलीस का?" विचारतो, हे बघायला लावत होती. बाबांनी तो प्रश्न पंचेचाळीस वर्षांत कधी विचारलेला नाही. वाईट नाहीत ते, सुचत नाही त्यांना. तर सागर मुक्ताला जे विचारायचा, ते त्या अर्ध्या तासात आईलाही विचारून व्हायचं. आणि आता तोच प्रश्न, त्याच आवाजात, त्याच स्वयंपाकघरात, दुसऱ्याच बाईला. बाई बदलली हे नवऱ्याच्या लक्षातही आलं नाही. मुलीच्या नाही, सासूच्या नाही, शेजारणीच्याही नाही. चहा नेहमीसारखा आला, कपबशाही त्याच.

मालिकावाल्यांची बाजू मला कळते. मढला किंवा घोडबंदरच्या बाजूला बारा-तेरा तासांची शिफ्ट, हातात आधीच चित्रित केलेल्या चार-सहा भागांची बँक, दर गुरुवारी येणारा टीआरपी. एखादीला थांबावंसं वाटलं तर गाडी थोडीच थांबते? जुन्या हिंदी मालिका निदान अपघात घडवून आणायच्या, पट्ट्या सोडायच्या, प्लास्टिक सर्जरी करायच्या. आम्ही हसायचो. आता वाटतं, त्यात थोडी माणुसकी होती. घरातल्या कुणीतरी "अगं, तुझा चेहरा!" असं म्हणायचं तरी.

हे सगळं मी तावातावाने बोलत होते, आई मान डोलवत होती, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत आत्या लसूण सोलत बसली होती. आत्या त्र्याऐंशीची आहे. तिला रुसवा वगैरे काही आला नव्हता. ती म्हणाली, "त्या नव्या पोरीचं बघा ना. पहिल्याच दिवशी उभी केली. डबे कुठे ठेवलेत तेसुद्धा माहीत नसेल तिला."

आई म्हणाली, "वन्सं, ते खोटं घर असतं हो."

"असू दे की."

आत्या बिजवराला दिलेली. १९६१ साली, संगमेश्वराकडे. तिथल्या तांब्यांवर, पातेल्यांवर पहिलीचं नाव घातलेलं होतं. आत्या साठ वर्षं त्याच भांड्यांत रांधत होती. "घासता घासता नाव पाठ झालं," ती एकदा म्हणाली होती, "माझं सासरचं नाव मला उशिरा पाठ झालं." त्या घरातल्या कुणी तिला तोंडावर काही म्हटलं नाही. फक्त आमटीची चव पाहून सगळे एकदमच गप्प व्हायचे.

तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि मी ती आईला सांगितली नाही. मुक्ता स्वतः त्या घरात सागरच्या पहिल्या बायकोच्या, सावनीच्या जागीच आली होती. सावनीच्या जागी आलेल्या मुक्ताला आम्ही पंधरा दिवसांत आपली म्हटलं. मुक्ताच्या जागी आलेल्या मुक्ताला आम्ही उंबऱ्याच्या आत घ्यायला तयार नव्हतो.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता आईने रिमोट उचलला. "वन्सं, बदलू का? दुसरीकडे काहीतरी असेल."

"राहू दे गं," आत्या चष्मा पुसत म्हणाली. "आज ओट्याशी जरा सरावल्यासारखी दिसतेय."