परत तोच आकडा आला, मग आणखी टेस्ट कशाला?

आकड्यापासून उच्चारता येईल असा आयडी बनवणारे दहाबारा ओळींचे फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा एक छोटा तुकडा. आयडी उलगडून मूळ आकडा परत मिळाला की काम झाले, मग आणखी टेस्ट कशासाठी लिहिता, असे तुम्ही विचारलेत. नवे सहकारी हे वरचेवर विचारतात, आणि एके काळी मीही तसेच समजत होतो.

तेव्हा मी प्रोक्विंट ही पद्धत वापरत होतो. डॅनियल विल्करसन यांनी २००९ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत १६ बिटांचा (बिट म्हणजे ० किंवा १ एवढाच एक अंक) आकडा पाच रोमन अक्षरांत बसतो : व्यंजन, स्वर, व्यंजन, स्वर, व्यंजन. व्यंजने १६ असल्यामुळे प्रत्येकामागे चार बिट, स्वर चारच असल्यामुळे दोन. शून्याचा आयडी बाबाब (babab), ६५५३५ चा झुझुझ (zuzuz). एकूण आकडेच ६५,५३६ असल्यामुळे मी प्रत्येकाचा आयडी बनवून परत उलगडला. एकही चुकला नाही आणि मी निर्धास्त झालो. प्रत्यक्षात स्वरांचा ठरलेला क्रम आ, इ, ओ, उ असताना मी बाराखडीच्या सवयीने उ आधी आणि ओ नंतर लिहिला होता. बनवणारे आणि उलगडणारे, दोन्ही फंक्शने तोच तक्ता वाचत असल्यामुळे जाताना झालेली चूक येताना फिटत होती. दुसऱ्याच्या प्रोग्रॅमने माझा आयडी उलगडला तेव्हा मात्र भलताच आकडा निघाला.

म्हणून अपेक्षित उत्तर मी आता माझ्या कोडमधून घेत नाही. १२७.०.०.१ या इंटरनेट पत्त्याचा (तो ३२ बिटांचा, म्हणून दोन शब्द) आयडी लुसाब-बाबाद होतो, हे मूळ लेखातच छापलेले आहे; ही एक ओळ टेस्टमध्ये असती तर पहिल्याच अक्षरजोडीवर, लु ऐवजी लो आल्यावर, माझी चूक सापडली असती. त्याखेरीज एकच बिट चालू असलेले आकडे मी कागदावर सोडवून लिहितो : १ चा बाबाद, १६ चा बाबिब, ६४ चा बादाब, १०२४ चा बिबाब, ४०९६ चा दाबाब. बिट सरकवताना एखाद्या घराची चूक झाली, तर यांतली कोणती टेस्ट पडली यावरून ते घर लगेच कळते. (हे कंटाळवाणे काम आहे, पण अर्ध्या तासाचे आहे.)

राहिला प्रश्न हद्दीबाहेरच्या आकड्यांचा. खालचे १६ बिट तेवढे उचलणारे कोड ६५५३६ ला बिनतक्रार बाबाब म्हणते आणि उणे एकला झुझुझ, म्हणजे दोन वेगळ्या नोंदींना एकच आयडी मिळतो. तिथे फंक्शनने एरर द्यावी, अशी टेस्ट मी सर्वांत आधी लिहितो.