आमची वाटचाल : काहिली, टाक्या आणि तरंगत्या विहिरी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वडिलांनी शेड घातली ती गुऱ्हाळाच्या काहिली आणि साखर कारखान्यांच्या टाक्यांसाठी. प्लेट वाकवायची, जोडायची, गळू द्यायची नाही. मी आलो, मशिनं नवी आली, काम तेच राहिलं.

मग कोकणातल्या एका खाडीपुलाच्या पायाचे कॅसन आले, म्हणजे खांबाखाली तळात रुतवायचे मोठे पोकळ लोखंडी नळे. साइटवरची माणसं त्याला ‘वेल’च म्हणतात, म्हणजे विहीर. ही काठावर बांधायची, तरंगत जागेवर न्यायची आणि मग बुडवायची. आई म्हणाली, “बापानं जन्मभर गळती बुजवली, आणि तू बुडवायचं काम घेतलंस व्हय?”

भिंत दुहेरी, मधे पोकळ, तिचे आठ कप्पे. बाहेरचा व्यास 6 मीटर, आतला 4. सोळा टन वजनाला ती खाऱ्या पाण्यात साधारण मीटरभर बुडते, एवढा हिशोब पाठ झाला. पाकळ्या, म्हणजे भिंतीचे तुकडे, उद्यमनगरात केल्या, गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून नेल्या, खाडीकाठी जोडल्या. भरतीला उचलली गेली तेव्हा सगळे ओरडलो. तासाभरात एक बाजू कलली.

एका कप्प्यात पाणी शिरलं होतं. वडील टाकीच्या प्रत्येक जोडाला बाहेरून खडू फासायचे, आतून रॉकेल लावायचे. डाग उमटला की तो जोड परत. साइटवरच्या जोडांना घाईत मी हे केलंच नव्हतं. पंप लावला, ओढून काठाला आणली, जोड खरवडून पुन्हा वेल्ड केला. तो खर्च माझ्याच खिशातून गेला.

बुडवायला काँक्रीट समोरासमोरच्या कप्प्यांत थोडं थोडं भरायचं, नाहीतर पुन्हा कल. ओहोटीला तळाला टेकवली. पुढे ग्रॅबनं, म्हणजे क्रेनच्या पंजानं, गाळ उपसून खाली नेणं कंत्राटदाराचं. तिथं कल 80 ला 1 (80 मीटर उंचीला 1 मीटर) आणि जागेवरून सरक 150 मिलिमीटर, याच्या आत राहावं लागतं. आमची त्यात बसली.

2019 च्या ऑगस्टात कोल्हापूरच्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि पुढच्या कामाच्या प्लेटा ट्रकवरच अडकल्या. पाण्यात उभं राहणारं काम आमचं, आणि पाण्यानंच अडवलं.

आता शेडमध्ये दोन विहिरींच्या पाकळ्या उभ्या आहेत. खडू फासून झालाय, रॉकेल उद्या. पाऊस उघडला की घाट उतरायचा.