रविवारची गोळी

पाठदुखीसाठी आलेल्या 67 वर्षांच्या आजींची उंची 147 सेंटीमीटर भरली. जुन्या केसपेपरवर 152 लिहिलेली होती. उंची चार सेंटीमीटरहून जास्त घटली की मणका दबल्याची शंका घ्यायचीच, म्हणून बाजूने एक्स-रे काढला. पाठीचा बारावा मणका पुढून पाचरीसारखा चेपला होता. आजी कुठे पडल्या नव्हत्या. भरलेली बादली उचलताना कळ आली होती, एवढंच.

मला खटकलं ते वेगळंच. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांशी तुलनेचा आकडा, उणे 2.5 किंवा त्याखाली आला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झालीत, असं म्हणतात. आजींचा दोन वर्षांपूर्वी उणे 3.1 होता. तेव्हापासून हाडांची झीज रोखणाऱ्या अलेंड्रोनेटची 70 मिलिग्रॅमची गोळी दर रविवारी चालू होती, एकही खाडा नाही. तरी खुब्याचा नवा आकडा आणखी खालीच गेलेला.

"आजी, गोळी घेता कशी?"

"सकाळच्या चहाबरोबर. कॅल्शियमचीही तेव्हाच, म्हणजे विसरायला नको. मग छातीत जळजळतं, म्हणून जरा आडवी होते."

इथेच सगळं बिघडलं होतं. ही गोळी उपाशीपोटी घेतली तरी शरीरात जेमतेम एक टक्का शोषली जाते. कॅल्शियम तिला आतड्यातच बांधून ठेवतं. आडवं झालं की ती अन्ननलिकेत रेंगाळते आणि तिथे जखम करते. गोळी घ्यायची ती उठल्याबरोबर, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, न चघळता. पुढचा अर्धा तास चहा नाही, खाणं नाही, दुसरं औषध नाही, आणि पाठ टेकायची नाही. हे दोन वर्षांत त्यांना कुणी नीट सांगितलंच नव्हतं, याचं फार वाईट वाटलं.

जळजळ असल्याने गोळी थांबवली आणि वर्षातून एकदा शिरेतून देतात ते त्याच गटातलं झोलेड्रोनिक अ‍ॅसिड, 5 मिलिग्रॅम, ठरवलं. पण लगेच नाही. आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळायला), कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासायचं, दात काढायचा असेल तर तोही आधीच काढून घ्यायचा. ड जीवनसत्त्व 14 निघालं, म्हणजे कमी. ते कमी असताना इंजेक्शन दिलं तर रक्तातलं कॅल्शियम घसरतं. म्हणून 60,000 युनिटची पुडी आठवड्याला एक, आठ आठवडे. 'रोज नाही' हे लाल पेनने लिहिलं, कारण रोज घेऊन उलट्या, बद्धकोष्ठता आणि भ्रम झालेले रुग्ण येतात.

कॅल्शियमच्या पाकिटावर 1250 छापलेलं असतं, ते कॅल्शियम कार्बोनेटचं वजन. त्यात कॅल्शियम 500 मिलिग्रॅमच. ती गोळी दुपारच्या जेवणाबरोबर. बाकीचं ताटातून: 100 ग्रॅम नाचणीच्या पिठात साधारण 350, कपभर दुधात 240.

पुढे वाकायचे व्यायाम बंद, पाठ ताठ ठेवून चालणं सुरू. न्हाणीघरात भिंतीला दांडा बसवायला मुलाला सांगितलं. बादली आता जागेवरच भरायची, उचलायची नाही.