टाइम लिमिटच्या आत

आमच्या सायकल ग्रुपमध्ये नागपूरच्या सेमिनरी हिल्सच्या चढावर शेवटी कोण येतो हे विचारायचंच नाही, मीच येतो. अंबाझरीपासून पहिली दहा मिनिटं आपण हिरो, मग चढ लागला की पोरं गप्पा मारत पुढे निघून जातात आणि मी सगळ्यात हलका गिअर टाकून खाली मान घालून डांबर बघत राहतो. मे महिन्यात तर सकाळी सातलाच पाठ भाजून निघते. परवा एक जण वळून म्हणे, "काका, काय करून राहिले, फोटो काढून राहिले का?" काय सांगू त्याला.

तर मला मार्क कॅव्हेंडिश आवडतो ते यामुळेच. गडी आइल ऑफ मॅनचा, सायकलिंगसाठी पैसे जमवायला दोन वर्षं बँकेत काउंटरवर बसलेला (मीही बँकेतलाच, त्यामुळे जरा जास्तच प्रेम). टूर द फ्रान्स या तीन आठवड्यांच्या सायकल रेसच्या 35 स्टेज (म्हणजे एकेका दिवसाची रेस) जिंकला, बेल्जियमच्या एडी मर्क्सचा 34 चा रेकॉर्ड मोडला, 2011 ला वर्ल्ड चॅम्पियन, हे सगळं खरं. पण मर्क्स डोंगरातही जिंकायचा, आणि कॅव्हेंडिश शुद्ध स्प्रिंटर, त्याचा जीव शेवटच्या दोनशे मीटरात. आल्प्स लागले की तो सरळ मागे.

आणि मागे राहण्यातही भानगड आहे. स्टेज जिंकणाऱ्याचा जो टाइम लागला त्यावर काही टक्के जास्त मिळतात, किती ते स्टेज किती अवघड आणि जिंकणारा किती जोरात गेला यावर ठरतं, आणि तेवढ्यात पोचला नाही तर बॅग भर, दुसऱ्या दिवशी स्टार्टच नाही. म्हणून सगळे स्प्रिंटर चढावर एक टोळी करतात, ग्रुपेटो म्हणतात तिला, एकमेकांची जानी दुश्मन पोरं पण तिथे सोबत, हिशोब करत करत वर जायचं आणि उतारावर जीव मुठीत धरून टाइम भरून काढायचा. टीव्हीवर हे दाखवतच नाहीत हो, कॅमेरा सगळा पुढे.

2018 ला आल्प्समधल्या ला रोझिएरच्या स्टेजला तो लिमिटमध्ये बसला नाही. लाइनवर आला तेव्हा जिंकणाऱ्याला येऊन तास होऊन गेला होता. बाहेर गेलोय हे माहीत असूनही गाडीत नाही बसला, पूर्ण केली स्टेज. त्याच्या आधी एपस्टीन-बार व्हायरसने अंग पार मोडलेलं, 2016 नंतर टूरमध्ये एकही स्टेज नाही, 2020 ला तर रेसनंतर रडत म्हणाला की ही बहुतेक शेवटची. मग 2021 ला दुसऱ्याच्या जागी ऐनवेळी टीममध्ये घुसला आणि चार स्टेज मारल्या, 34 ची बरोबरी! 2023 ला पडला, कॉलरबोन तुटलं, रिटायर होतो म्हटलेलं तेही परत घेतलं.

2024 ला 39 वर्षांचा. टूरच्या पहिल्याच दिवशी इटलीत फ्लॉरेन्स ते रिमिनी, भयानक ऊन, सायकलवरच उलट्या सुरू. टीममेट पुढे जाऊ शकले असते, पण त्याच्यासोबत थांबले, डोक्यावर पाणी ओतत, ओढत आणला. जिंकणाऱ्याच्या साधारण 39 मिनिटं मागे, पण लिमिटच्या आत. आणि चार दिवसांनी, 3 जुलैला, सां-व्हुल्बासला स्प्रिंट मारून 35 वी. आपल्याकडे जेवायची वेळ होती, मी ताट तसंच ठेवून ओरडलो, बायको किचनमधून धावत आली की काय सांडलं.

लोक ती 3 जुलैची क्लिप बघतात, मी 29 जूनची बघतो, ऊन म्हणजे काय ते नागपूरकराला सांगावं लागत नाही.

काल पुन्हा चढावर मागेच. तर्री-पोह्याच्या ठेल्यावर पोचलो तर पोरांचं खाऊन झालेलं, हेल्मेट घालून तयार. आमचं लिमिट म्हणजे तर्री. भैय्यानं पातेलं वाकडं करून तळाची ढवळली, चार हरभरे निघाले, बाकी सगळा तवंग. दोन प्लेट खाल्ल्या.