नुसत्या 'ओके'वर विसंबू नका

परीक्षेच्या दिवसांत आप्पा बळवंत चौकातल्या प्रिंटच्या दुकानात एकाच मशीनला दिवसभर किती पेन ड्राइव्ह लागतात! घरी आल्यावर ड्राइव्हवर आपल्याच फोल्डरच्या नावाची, फोल्डरचंच चिन्ह असलेली 'ईएक्सई' (म्हणजे प्रोग्रामची फाइल) दिसली, तर तो व्हायरस असू शकतो, ती उघडायची नाही. विंडोज एक्स्टेन्शन, म्हणजे नावाच्या शेवटचं '.ईएक्सई', लपवतं, म्हणून डोळा फसतो.

लिनक्स हाताशी असेल तर आधी 'फाइल' ही कमांड चालवा. (कमांड इथे देवनागरीत आहेत, टाइप रोमनमध्येच करायच्या.) ती नावाकडे न बघता आतले बाइट वाचते. विंडोजच्या प्रोग्रामचे पहिले दोन बाइट ४डी ५ए, म्हणजे 'एमझेड' असतात, नाव 'नोट्स.पीडीएफ' ठेवलं तरी ते बदलत नाहीत.

मग क्लॅमएव्ही हा अँटिव्हायरस. 'क्लॅमस्कॅन' ही त्याची फाइल तपासणारी कमांड. 'क्लॅमस्कॅन --व्हर्जन' दिल्यावर शेवटी सिग्नेचरची, म्हणजे व्हायरस ओळखायच्या खुणांची, तारीख येते. ती जुनी असेल तर पुढचं सगळं व्यर्थ. त्या खुणा अपडेट करणारं 'फ्रेशक्लॅम' चालवताना लॉग फाइल लॉक असल्याची एरर आली, तर पार्श्वभूमीला त्याचीच सर्व्हिस चालू असते. ती थांबवा, अपडेट करा, पुन्हा सुरू करा. क्लॅमस्कॅन दरवेळी सगळा डेटाबेस मेमरीत घेतं, त्यासाठी एक जीबीहून जास्त रॅम लागते. २ जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर ते मध्येच 'किल्ड' होतं, ते यामुळेच.

खरा घोळ मात्र तपासायच्या फाइलच्या साइझच्या मर्यादेचा आहे. सध्याच्या आवृत्त्यांत ती १०० एमबी आहे, जुन्यांत २५. त्याहून मोठा इन्स्टॉलर दिला की क्लॅमस्कॅन तो न तपासताच सोडून देतं आणि पुढे 'ओके' छापतं. खालच्या सारांशात 'डेटा स्कॅन्ड'समोर शून्य असतं, पण तिकडे कुणी बघत नाही. म्हणून '--मॅक्स-फाइलसाइझ' आणि '--मॅक्स-स्कॅनसाइझ' दोन्ही वाढवा, आणि '--अलर्ट-एक्सीड्स-मॅक्स=यस' जोडा. मग मर्यादा ओलांडणारी फाइल गुपचूप सुटत नाही. पासवर्ड लावलेल्या झिपसाठी '--अलर्ट-एन्क्रिप्टेड=यस' लावा.

विंडोजवर त्याच्याच डिफेंडर या अँटिव्हायरसचं 'एमपीकमांडरन' वापरा: '-स्कॅन -स्कॅनटाइप ३ -फाइल' आणि पुढे पूर्ण पाथ. '-डिसेबलरेमेडिएशन' जोडलं तर फाइल न हलवता फक्त निकाल मिळतो.

दुसरं मत हवंच. 'शा२५६सम'ने, किंवा विंडोजवर 'सर्टयुटिल -हॅशफाइल'ने हॅश, म्हणजे फाइलचा अंकाक्षरी ठसा, काढा आणि अनेक अँटिव्हायरस इंजिनांचे निकाल दाखवणाऱ्या व्हायरसटोटल या साइटवर तेवढाच शोधा. फाइल अपलोड केली तर ती तिथल्या पैसे भरणाऱ्या ग्राहकांनाही उतरवता येते. हिंजवडीतल्या क्लायंटचा बिल्ड (त्याच्यासाठी तयार केलेला प्रोग्राम) तिथे अजिबात टाकू नये. हॅश सापडला नाही, तर ती फाइल तिथे अजून कुणी दिलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. साठेक इंजिनांपैकी एकदोनच ओरडत असतील तर फाइल यूपीएक्स या प्रोग्राम आकसवणाऱ्या टूलने दाबलेली (पॅक केलेली) आहे का ते 'यूपीएक्स -टी'ने पाहा. पॅक केलेल्या निर्दोष प्रोग्रामवरही इंजिनं संशय घेतात.

स्क्रिप्ट लिहिताना एक्झिट कोड, म्हणजे कमांड संपताना देते तो आकडा, नीट हाताळा. क्लॅमस्कॅनचा ० म्हणजे काही सापडलं नाही, १ म्हणजे सापडलं, २ म्हणजे स्कॅनच बिघडला. फक्त १ तपासणारी स्क्रिप्ट २ आला तरी फाइल पुढे सोडते. डिफेंडरचा २ तर आणखी फसवा: न काढलेला व्हायरसही तोच आणि स्कॅनची चूकही तीच. तिथे छापलेला मजकूर वाचूनच ठरवावं लागतं.