तुम्ही विचारलंत म्हणून: पुलाच्या स्लॅबमध्ये एवढं लोखंड कशाला?

"काँक्रीटच्या घनमीटरला किती किलो लोखंड बसलं?" सुरुवात इथूनच होते. मी आकडा सांगतो, समोरचा पेन खाली ठेवतो आणि म्हणतो, "मागच्या डिझायनरने १२० मध्ये बसवलं होतं." ठेकेदार विचारतात, त्यांचे बिलिंग इंजिनिअर विचारतात, हल्ली खात्यातले लोकही विचारतात. लग्नाकार्यात भेटणारे नेमकं उलटं विचारतात: सावित्रीचा पूल वाहून गेला, तुम्ही लोक लोखंड कमी टाकता का? तो ब्रिटिशांच्या वेळचा, दगडी कमानींचा होता हो. पण ते राहू दे.

आता एकदाच सांगतो. दोन गर्डरांच्या, म्हणजे स्लॅब पेलणाऱ्या लांब तुळयांच्या, मधल्या स्लॅबमध्ये आम्ही गरजेपेक्षा जास्त लोखंड टाकतो. हो, टाकतो. लिहून घ्या.

कागदावर आम्ही त्या स्लॅबची एक मीटर रुंद पट्टी घेतो आणि ती गर्डरांवर टेकवलेल्या तुळईसारखी वाकते असं धरतो. चाकाखाली ताण तळाला, गर्डरवर ताण माथ्याला, म्हणून दोन थर. प्रत्यक्षात ती स्लॅब आजूबाजूच्या काँक्रीटने आणि गर्डरांनी आवळलेली असते. बारीक तडा गेला की ती आतल्या आत चपटी कमान होते आणि भार आडव्या रेट्याने गर्डरांकडे ढकलते. प्रयोगशाळेत मोडेपर्यंत दाबली तर ती सहसा वाकून मोडत नाही. चाकाखालचा तुकडा भोक पडून सुटतो, तोही हिशोबातल्या चाकाच्या कितीतरी पट भाराला. कॅनडात ओंटारिओ प्रांताच्या पूल-संहितेने (डिझाइनच्या नियमांच्या पुस्तकाने) हे १९७९ सालीच मान्य केलं: गर्डरांमधलं अंतर, जाडी वगैरे अटी पाळा, दोन्ही थरांत दोन्ही दिशांना ०.३ टक्के सळी टाका, मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, काढत बसू नका. नोव्हा स्कोशियात सामन नदीवरच्या पुलाला १९९५ मध्ये आत सळीच नसलेली स्लॅब टाकली. गर्डरांचे माथे पोलादी पट्ट्यांनी एकमेकांना बांधले आणि कमानीचा रेटा त्या पट्ट्यांवर सोडला.

एम.ई.ला असताना मी यावर सेमिनार दिला होता. आपल्याकडे पुलांच्या संहिता काढणाऱ्या आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेसच्या) समितीतली माणसं भित्री आहेत, अशी तेव्हा माझी पक्की खात्री होती. आज त्या पोराला, म्हणजे तेव्हाच्या मला, मी सांगतो की सामनच्या स्लॅबला पुढे गर्डरांच्या मधोमध लांबच लांब तडे गेले, आणि नंतरच्या तशा स्लॅबमध्ये तडे आवरायला काचतंतूंची जाळी घालू लागले. तो म्हणतो, तडा गेला म्हणजे पूल पडला का? नाही पडला. मी म्हणतो, आमच्या खाडीच्या खाऱ्या हवेत ये, मग बोल. तो म्हणतो, आत सळीच नसेल तर गंजणार काय? हा वाद मी अजून जिंकलेलो नाही. सही मात्र माझी असते, आणि माझा हिशोब तपासणारा प्रूफ चेकिंगवाला आयआरसी ११२ ही काँक्रीट पुलांची संहिता उघडून बसलेला असतो.

पण तुम्ही विचारता तेव्हा मधली स्लॅब आणि कडेचा कॅन्टिलिव्हर एकाच आकड्यात घालता, आणि तिथे माझं डोकं फिरतं. शेवटच्या गर्डरच्या बाहेर लटकणाऱ्या त्या भागाला पलीकडून आवळणारं काही नाही. तिथे कमान नाही, छुपी ताकद नाही. टोकाला क्रॅश बॅरिअरचं वजन कायमचं. हिशोबासाठी संहितेने ठरवलेल्या गाड्यांपैकी ७०आरची जड गाडी संहिता कडेपासून १.२ मीटर लांब ठेवते, पण क्लास ए या दुसऱ्या गाडीचा ११.४ टनी ॲक्सल १५० मिलिमीटरपर्यंत येतो. म्हणजे ५.७ टनांचं एक चाक जवळजवळ बॅरिअरला घासून, वर इम्पॅक्ट, म्हणजे हादऱ्याचा जादा भार. हे सगळं माथ्यावरच्या एका थराने धरायचं. तिथली एक सळी मी कमी करणार नाही, आणि तो थर किती आहे याच्याइतकंच तो कुठे आहे हेही महत्त्वाचं आहे.

हे मी पुस्तकातून बोलत नाही. कोकणातल्या एका खाडीवरच्या कामावर मी बेअरिंगच्या भानगडीसाठी गेलो होतो. संध्याकाळ होती, रात्री स्लॅब भरायची होती. सहज डेकवर चढलो. जाळी वरून देखणी दिसत होती, बाइंडिंग चोख. कॅन्टिलिव्हरवर पाय ठेवला आणि जाळी पायाखाली गादीसारखी दबली. ड्रॉइंगमध्ये दर मीटरला खुर्ची, म्हणजे वरची जाळी उचलून धरणारा सळीचा टेकू, होती, दोन्ही दिशांना. तिथे खुर्च्या पाहिजे होत्या त्याच्या निम्म्याही नव्हत्या, आणि होत्या त्यातल्या बऱ्याच कलंडलेल्या. दिवसभर माणसं त्याच कडेवरून ये-जा करत होती. त्या कंत्राटात खुर्च्यांचे वेगळे पैसे नव्हते, एवढं सांगितलं की तुम्हाला बाकीचं कळेल.

टेप लावून बघितलं. गर्डरच्या तोंडाशी स्लॅब २५० मिलिमीटर, कव्हर (सळीवरचं काँक्रीट) ४०, सळी १६ची. म्हणजे तळापासून सळीच्या मध्यापर्यंत २०२ हवेत. मिळाले १५० च्या आसपास. पन्नास मिलिमीटर खाली गेली की ताकद पाव भागाने गेली. मीटरला आठ सळ्या टाकल्या होत्या, त्यातल्या दोन उपसून खाडीत फेकल्यासारखंच. आणि वर ९० मिलिमीटर नुसतं काँक्रीट, ज्याला तडा गेला तर आवरायला जवळ काही नाही.

मी म्हणालो, भरू नका. प्रोजेक्ट मॅनेजर माझ्यापेक्षा वयाने मोठे, सभ्य गृहस्थ. ते म्हणाले, "साहेब, तुमचं काम ड्रॉइंगपर्यंत. मिक्सर प्लांटवरून निघाले आहेत." मी वरच्यांना फोन लावला. तिकडून सल्ला आला की भरताना जाळी लोखंडी हुकाने उचलून घ्या. मग तसंच झालं. दोन पोरं हुक घेऊन जाळी वर ओढत होती, मागून काँक्रीट येत होतं, आणि त्याच्या मागून पंपाचा पाइप धरलेली माणसं त्याच सळ्यांवर उभी राहत होती. पंपाच्या आवाजात मी ओरडून काही सांगितलं, कोणीतरी मान हलवली. मी तिथे होतो, आणि माझ्या असण्याचा काडीचा उपयोग नव्हता.

नंतर मी पत्र लिहिलं. सळी किती खोल आहे ते दाखवणारा कव्हर मीटर लावला. कुठे ४५, कुठे ९५. मग लोड टेस्ट झाली. चोवीस तास वजन ठेवलं, काढलं, गर्डर हवा तेवढा परत आला, पूल पास. माझं पत्र फाइलला लागलं. आता ही लोड टेस्ट गर्डरची असते. वजन ठेवतात ते गर्डर जास्तीत जास्त वाकावा म्हणून, कॅन्टिलिव्हरला त्याची फारशी झळसुद्धा लागत नाही. हे मी तेव्हाही सांगितलं. पण 'पास' ऐकल्यावर पुढचं कोण ऐकतो?

ते मॅनेजर अजून भेटतात. चहा सांगतात आणि विचारतात, "काय साहेब, चालतोय ना पूल? मग एवढं लोखंड कशाला होतं?" चालतोय. चालतोय, कारण संहितेतले सुरक्षेचे गुणक आहेत आणि कडेने भरलेले ट्रक रोज जात नाहीत. तुम्ही जे खाल्लंत ते त्या 'जास्तीच्या' लोखंडातून खाल्लंत, असं मी त्यांना म्हणतो. ते हसतात. लावालचा पूलही, तोही कॅनडातलाच, १९७० पासून चालतच होता. ३० सप्टेंबर २००६ ला त्याचा कॅन्टिलिव्हर (कडेचा नव्हे, मधला गाळा पेलणारा) तुटला आणि ५ माणसं गेली. कारण एकच नव्हतं, काँक्रीट हलक्या दर्जाचं होतं, शिअरच्या (कापणारा जोर धरणाऱ्या) सळ्या नव्हत्या. पण चौकशी आयोगाने जी मुख्य कारणं दिली, त्यांत टोकाजवळच्या सळ्या चुकीच्या जागी बसल्या हे एक होतं. छत्तीस वर्षं तो पासच होता.

आता खरं सांगायचं तर त्या रात्रीनंतर मी कॅन्टिलिव्हरची वरची सळी २० मिलिमीटर खाली बसेल असं धरूनच हिशोब करतो. संहितेत एवढं सांगितलेलं नाही. म्हणजे हो, माझा आकडा इतरांपेक्षा जास्त येतो, आणि यापुढेही येईल.

माझ्या ऑफिसातल्या ज्युनिअरला हे पटत नाही. "सर, त्यांच्या ढिलाईचे पैसे तुम्ही लोकांच्या खिशातून भरताय. आणि २० धरलेत तर ते ५०च्या जागी ७० खाली बसवतील." तिचं म्हणणं आहे की जास्तीची सळी काढा, खुर्च्यांना बार बेंडिंग शेड्यूलमध्ये (सळ्यांच्या यादीत) स्वतंत्र नंबर द्या, त्यांचं वजन धरा आणि त्याचे पैसे द्या. तिने तसं ड्रॉइंग करूनही ठेवलंय. खुर्च्यांचं मी लगेच मान्य केलं. सळीचं केलेलं नाही, आणि का नाही हे तिला नीट सांगताही आलेलं नाही.