कोमट पाण्यात थंड समुद्राची तयारी

मुंबई हायला, म्हणजे समुद्रातल्या तेलक्षेत्रावर, मी जुहूहून हेलिकॉप्टरनं जायचो. समुद्रातल्या कामाआधी बोसिएट नावाचं सुरक्षा प्रशिक्षण करावं लागतं. तिथे त्याचा उष्ण समुद्रासाठीचा प्रकार, ट्रॉपिकल बोसिएट, पुरायचा, कारण अरबी समुद्र कोमट. स्कॉटलंडचं काम ठरलं तेव्हा एजंटनं सांगितलं, नॉर्थ सीला ते चालणार नाही, पूर्ण बोसिएट करा, तेही कॉम्प्रेस्ड एअरचं, म्हणजे छोट्या हवेच्या सिलिंडरवर श्वास घ्यायला शिकवणारं. सेंटर नवी मुंबईतच मिळालं. कोर्स तीन दिवसांचा, सर्टिफिकेट चार वर्षांचं.

आग विझवणं, प्रथमोपचार हे ओळखीचं होतं. खरी गंमत थंड पाण्यासाठीच्या सर्व्हायव्हल सूटमध्ये. बाहेर मे महिना आणि आम्ही पायापासून मानेपर्यंत त्या जाड सूटमध्ये कोंबलेले. मनगटाची आणि मानेची रबरी सील एवढी घट्ट, की डोकं बाहेर काढताना कान मागे राहतात की काय असं वाटतं. पण सैल असून चालत नाही. पाणी आत शिरलं की आतले गरम कपडे असून नसल्यासारखे.

"झिप लावलीत? आता उकिडवे बसा आणि मानेच्या सीलमध्ये बोट घाला," सर म्हणाले. फुस्सकन हवा निघाली. ती आत राहिली तर पाण्यात उलटलेल्या हेलिकॉप्टरच्या केबिनमध्ये माणूस वर ढकलला जातो आणि खिडकीपर्यंत खाली येताच येत नाही. लाइफ जॅकेट बाहेर पडल्यावरच फुगवायचं, तेही याचसाठी.

मग डंकर, म्हणजे तलावात बुडवून उलटी करायची हेलिकॉप्टरची नकली केबिन. हेलिकॉप्टरचं इंजिन, गिअरबॉक्स सगळं डोक्यावर, त्यामुळे पाण्यात ते पटकन उलटं होतं. एक हात खिडकीच्या कडेवर, दुसरा बकलवर. हालचाल थांबेपर्यंत थांबायचं, खिडकी ढकलायची आणि मगच बेल्ट सोडायचा. आधी सोडला तर शरीराला आधार राहत नाही, जोर लागतच नाही. कडेवरचा हात मात्र सोडायचा नाही. उलटं लटकल्यावर डावं-उजवं काही कळत नाही. नोज क्लिप सरकली की पाणी थेट कपाळात जातं, डोळ्यांसमोर काजवे!

तलावाचं पाणी कोमट, त्यामुळे थंडीचा धडा तोंडीच. गार पाण्यात पडताच माणूस आपोआप धाप टाकतो, श्वास काही सेकंदांपलीकडे रोखता येत नाही. एक मिनिट श्वास आवरायला, मग साधारण दहा मिनिटं हात-पाय कामाचे, आणि बेशुद्धीपर्यंत सुमारे तास, असा ढोबळ हिशेब सरांनी दिला. छोट्या सिलिंडरचं श्वसन उपकरण त्या पहिल्या मिनिटासाठी. ऑगस्ट 2013 मध्ये स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांजवळ हेलिकॉप्टर समुद्रात पडून चार जण गेले, त्यानंतर ब्रिटननं या उपकरणाचे नियम कडक केले.

मी केलेल्या ट्रॉपिकल कोर्सात हे उपकरण नव्हतं. मला हे पटत नाही. जून 2022 मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात सागर किरण रिगजवळ हेलिकॉप्टर समुद्रात उतरलं, तेव्हा नऊपैकी चार जण दगावले. ते पाणी काही गार नव्हतं.

शेवटी खांद्यांची रुंदी. स्कॉटलंडकडे ती मोजतात, 22 इंच किंवा त्याहून जास्त भरली तर मोठ्या खिडकीजवळचीच सीट. घरी बायकोनं शिवणाच्या टेपनं मोजली. कमी भरली, तरी वडापाव बंद करा म्हणाली.